ओळंबा

ड्वाइट आला तो एप्रिलच्या चिखलासकट.
बूट न काढता म्हणाला, "एल्डनकाका, हे घर म्हणजे सोनं,"
आणि सोन्यावर पावलं उमटवत स्वयंपाकघरापर्यंत गेला.
चर्चच्या खजिनदाराचा पुतण्या. नाही म्हणणं जड.
म्युरिएल ओव्हनपाशी, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी,
तिच्या बिस्किटांना तो किती वेळा "अप्रतिम" म्हणतो ते मोजत होती.
मी सहज म्हटलं, पाच टक्के जास्त नाहीत का रे?
"चार करू या."
बिस्कीट अजून तोंडातच होतं.

दुसरी हॅलिफॅक्सहून आली, उडता कॅमेरा घेऊन.
आम्ही अंगणात माना वर करून उभे.
पडद्यावर आमचं छप्पर आलं,
एकोणनव्वद साली मी ठोकलेली फळी न् फळी,
चिमणीला टेकून कुण्या समुद्रपक्ष्याचं जुनं घरटं,
आणि खाली तीन ठिपके. त्यातला एक मी.
"खिडकीतून पाणी दिसतं! टोरँटोची माणसं धावत येतील."
दिसतं खरं.
तळघरातूनही दिसतं,
पण जिना उतरायला तिला वेळ नव्हता.

रोवीना हिमलमनच्या बापाशी
सव्वीस वर्षं माझं बोलणं नव्हतं.
एका होडीचे पैसे.
तो आता मातीआड आहे, तरी तिला बोलवायचं नव्हतं मला.
म्युरिएलनं बोलावलं.

आली. दारातच बूट उपटले, डाव्या मोज्याला भोक,
आणि पहिला प्रश्न: "पाणी कुठून येतं?"
येत नाही, मी म्हटलं.
ती खाली गेली.
उत्तरेच्या भिंतीवर तळवा टेकून उभी राहिली,
पोराचा ताप बघतात तशी.
"दर वसंतात?"
दर वसंतात.
"मग लिहून देऊ. लपवलं तर घेणारा
ओलीचे नाही, संशयाचे पैसे कापेल."

वर येऊन आकडा सांगितला,
ड्वाइटपेक्षा तीस हजारांनी कमी.
मला तिचा बापच दिसला.
पाच टक्के जास्त आहेत, मी म्हटलं.
"नाहीत."
साडेचार?
"पाच."
चहा गार झाला. पाचच.

ती गेल्यावर मी पुष्कळ बोललो.
खाण तशी माती, वगैरे.
म्युरिएलनं पिशवी दुसऱ्या गुडघ्यावर सरकवली.
"जो स्वतःचा टक्का घासासरशी गिळतो
तो आपले पैसे किती वेळ धरून ठेवेल?
हिनं तुला अर्धासुद्धा दिला नाही.
अशी बाई आपल्या बाजूला बसलेली बरी,
समोर नको."

मग बऱ्याच वेळानं, ओव्हनकडे बघत:
"आणि होडीचे पैसे
तू द्यायचे होतेस, एल्डन."

घर बांधून पाहावं म्हणतात. पाहिलं.
विकून पाहण्याबद्दल
कुणी काही सांगून ठेवलेलं नाही.
ब्रिजवॉटरला एका मजल्यावरची जागा,
दवाखाना चार मिनिटांवर,
जिना नाही, तळघर नाही,
तिथली ओल कुठून येते ते नव्यानं शोधावं लागेल.

सोमवारी पाटी आली.
पोरानं घाईत रोवली, पूर्वेकडे कललेली.
तो गेल्यावर मी ओळंबा काढला,
खांब उपटला, खड्डा वीतभर खोल केला,
भोवती खडी ठासली
आणि दोरा थांबायची वाट पाहिली.
वारा होता. वेळ लागला.

खिडकीतून म्युरिएल ओरडली, "जरा डावीकडे घे!"
सरळ आहे, मी म्हटलं.
"सरळ आहे रे. पण लायलॅकच्या फांदीनं
हिमलमन झाकलं जातंय."

कात्री आणायला मी आत गेलो,
बूट काढून.